उसनी जीभ

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलं, की थोडं पुढं उतारावर एक रिसॉर्ट आहे. तिथल्या बारमागं पांढरा शर्ट आणि काळं जाकीट घालून जो उंच, किडकिडीत माणूस उभा असतो, तो अतिशय मगदूम. अतिशय हे त्याचं नाव. पाहुणे रोज विचारतात, "अतिशय काय?" आणि तोही रोज हसतो, नोकरीच हसण्याची, करणार काय. सांगलीकडच्या जैनांत या नावाचं कुणाला नवल वाटत नाही. नवल आहे ते वेगळंच. तिशी गाठेपर्यंत या माणसानं शेकडो बाटल्या उघडल्या, ओतल्या, ढवळल्या, लोकांकडून वाहवा घेतली, आणि त्यातला एक थेंब स्वतःच्या जिभेला लावला नाही.

कुणालाही ही थाप वाटेल. हलवायानं आपला पेढा कधी चाखला नाही म्हणण्यासारखंच झालं हे. पण ते खरं होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं.

अतिशय तेरा वर्षांचा असताना त्याच्या गावात मुनीमहाराजांचा चातुर्मास झाला. गाव सांगलीच्या पलीकडं, कृष्णेच्या काठाचं, ऊस आणि हळदीचं. एका रविवारी महाराजांनी पोरांना बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, समोर बसवलं आणि विचारलं, कोण काय सोडतंय? कुणी महिनाभर वेफर सोडले, कुणी दिवाळीपर्यंत आइस्क्रीम. एकानं गणित सोडतो म्हटल्यावर त्याच्या आईनं तिथंच चिमटा काढला. अतिशयनं हात वर केला आणि म्हणाला, "मद्य, मांस आणि मध. जन्मभर." बस्तीत हशा पिकला. जैनाच्या घरात या तिन्ही गोष्टी उंबऱ्याच्या आत येत नाहीत. जे कधी तोंडात घातलंच नाही, ते सोडणार काय कप्पाळ? महाराज मात्र हसले नाहीत. त्यांनी मोरपिसांची पिंछी पोराच्या डोक्याला लावून नेम दिला. वडील शांतिनाथ मागं खांबाला टेकून बसले होते. घरी जाताना त्यांनी पोराचा हात धरला. एरवी ते कधी धरत नसत.

आणि अशा पोराच्या कपाळी बार लिहिलेला असावा. त्याला व्हायचं होतं आचारी. पुरणपोळी, बासुंदी, आईच्या हाताखाली सगळं शिकलेला. म्हणून पुण्याला हॉटेलचं शिक्षण घ्यायला गेला, तर दुसऱ्याच आठवड्यात पुढ्यात सोललेली कोंबडी आली. हा सुरी खाली ठेवून बाहेर. सर म्हणाले, किचनमध्ये हे करावंच लागणार, नाहीतर बार घे. अतिशयनं रात्रभर विचार केला आणि एक हिशेब मांडला. बाटली उघडताना कुणाच्या मानेवर सुरी चालत नाही. ओतणं वेगळं, पिणं वेगळं. आपण प्यायचं नाही, म्हणजे नेम शाबूत. त्या वयात माणसाला स्वतःचा हिशेब लय पक्का वाटतो.

घरी सांगितलं तेव्हा आई विजयमाला पदर तोंडाला लावून रडली. शांतिनाथ दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी गोठ्यात धार काढता काढता त्यांनी एकच शब्द विचारला, "नेम?"

"हाय तसा हाय, आण्णा."

"बरं," ते म्हणाले. त्यानंतर गावात कुणी विचारलं, की शांतिनाथ सांगायचे, "साताऱ्याला हाटेलात हाय." खोटं बोलायचे नाहीत, आणि खऱ्याचं शेपूट लांबवायचेही नाहीत.

रिसॉर्टवर त्याची गाठ पडली हंबीररावांशी. हे बारचे मॅनेजर, उंब्रजचे, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. बंदूक कमीच चालवली. अर्धी नोकरी ऑफिसरांच्या मेसमध्ये बार सांभाळण्यात गेली होती. मिशी मात्र अशी राखलेली, की सीमेवर एकटेच उभे होते असं वाटावं. पहिल्या दिवशी अतिशय काचेच्या मोठ्या ग्लासात बर्फ घालून चमचा फिरवत होता. खणखण, खणखण. हंबीरराव मागं येऊन उभे राहिले.

"ढवळतोयस का देवळातली घंटा वाजवतोयस?"

"ढवळतोय, साहेब."

"साहेब नगं, आबा म्हण. आन् पिठलं घोटायचं न्हाई, गड्या. चमच्याची पाठ काचंला चिकटू दे. बर्फ सगळा एकदम फिरू दे, गोठ्यातनं जनावरं वळणानं भाईर काढतो तसा. आवाज आला की समजायचं, चुकलं."

मग त्यांनी त्याला फरक सांगितला. लिंबू, दूध, फळांचा रस असलं काही असेल तर ते डब्यात घालून खळाखळा हलवायचं. पण दारूत दारूच मिसळायची असेल, तर हलवली की ती गढूळते, फेसाळते. ती ढवळायचीच. गार झाली पाहिजे, बर्फाचं पाणी बेतानं सुटलं पाहिजे, आणि काचेतून पलीकडचा माणूस नितळ दिसला पाहिजे. हे सांगून झाल्यावर त्यांनी चमचा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "चाख."

अतिशयनं नाही म्हटलं. का म्हणून विचारल्यावर नेमाचं सांगितलं, घाबरत घाबरतच, कारण पुण्याच्या दोन ठिकाणी याच पायी त्याला हसून हसून घालवलं होतं. हंबीररावांनी मात्र मिशीवरून बोट फिरवलं.

"तेराव्या वर्सापास्नं?"

"व्हय."

"आन् एकदाबी न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी चमचा परत घेतला, ग्लासात बुडवला, तोंडात घातला. "वाईच कडू हाय," ते म्हणाले. "बरं. हात तुझा, जीभ माझी. हुतंय का बघू."

आणि झालं. पाच वर्षं असंच चाललं. अतिशय माप घालायचा, ढवळायचा, नाकाशी धरायचा. हंबीरराव चमचाभर चाखायचे. "गोडीनं गळा धरला." "लवंग पुढं पुढं करतीय." "बास, आता हात लावू नगंस." या तीन-चार बोलांवर अतिशय आपलं माप हलवायचा. बाकी वेटर त्यांना नवरा-बायको म्हणायचे. नवीन काही करायचं असेल तर हंबीररावांना वीस-वीस वेळा चाखावं लागायचं. अतिशयला त्याचं कधी काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला आपल्या नेमाचा अभिमान होता. सगळं सभोवती भिजलेलं आणि आपण कोरडे, ही भावना त्याला मनातून फार आवडायची. गावी गेला की बस्तीत मान वर करून बसायचा.

यंदा श्रावणातच मालक वीरधवल बारमध्ये येऊन बसला. हा साताऱ्याचाच, तरुण, बोलायला गोड आणि घाई मोठी. भाद्रपदात कासच्या पठारावर फुलं येतात आणि पुण्या-मुंबईची अख्खी गर्दी त्या रस्त्याला लागते. "फुलांचं काहीतरी पाहिजे, मगदूम," तो म्हणाला. "बाहेरच्या बाटलीतलं नको. आपलं. गणपती झाल्यावरच्या पहिल्या रविवारी पाहुणे बोलावतोय, तेव्हा समोर ठेवायचं."

अतिशयकडं फुलांचं होतं. उन्हाळ्यात त्यानं साताऱ्याच्या मंडईतून मोगऱ्याच्या कळ्या आणल्या होत्या. संध्याकाळी त्या उमलायला लागल्या की बिनवासाच्या कडक दारूत बुडवायच्या आणि वास उतरला की लगेच काढायच्या; जास्त वेळ राहिल्या तर पाल्याचा हिरवट कडूपणा येतो. मग साखरेचा पाक घालून बाटली अंधारात ठेवायची. सहा बाटल्या झाल्या होत्या. ते बघून हंबीरराव म्हणाले होते, "जैनाच्या पोरानं फुलं आन् ती बी दारूत. एका दगडात दोन पापं केलीस की रं." अतिशयही हसला होता.

आता या मोगऱ्याला जोडीदार हवा होता. मऊ व्हिस्की घातली तर मोगरा तिला गिळून टाकायचा. हंबीररावांनीच सुचवलं, राय घे. राय हे थंड मुलखातलं धान्य, गव्हाच्या कुळातलं. त्याची व्हिस्की मिऱ्यासारखी झोंबते. "मोगऱ्यासंगं तिखटच पायजे," ते म्हणाले. "न्हायतर लग्नातल्या सरबतागत लागंल." मग थोडी कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वनस्पती घातलेली वाइन, दोन थेंब कडू अर्क, वरून लिंबाची साल. मांडणी जमली, पण तोल जमेना. व्हिस्कीचा तिखटपणा अतिशयला नाकानं कळायचा, मोगराही कळायचा. पण गोडीला वास नसतो. ती किती झाली हे जिभेशिवाय कुणी सांगू शकत नाही. रोज दुपारी बार उघडायच्या आधी दोघं उभे राहायचे. माप थेंबाथेंबानं बदलायचं, आणि हंबीरराव चमच्यामागून चमचा चाखायचे. अलीकडं ते मधेच कुशीला हात लावून खुर्चीवर टेकायचे. अतिशयनं विचारलं तर म्हणायचे, "थंडी बाधती हितली. वय झालं."

तेवढ्यात दशलक्षण पर्व आलं. जैनांचे हे दहा दिवस उपासाचे, देवळाचे. सीझन तोंडावर होता, तरी अतिशयनं दोन दिवस मागून घेतले. निघताना हंबीररावांनी कंदी पेढ्यांचा पुडा हातात दिला. "उंब्रजला उतर, नातवाला दे. घर तुला ठाव हाय."

उंब्रजला हायवेच्या खाली, बाजाराच्या मागं हंबीररावांचं घर आहे. मुलगा जयराज फौजेत, लांब कुठंतरी पोस्टिंगवर. घरी सून शिवांजली आणि तिचा लहानगा. तिनं दार उघडलं, पुडा घेतला, आणि चहा ठेवायला वळली.

"चहा नको, वैनी. उपास हाय. संध्याकाळी एकदाच जेवायचं, तवर पाणीबी नको."

"एवढं कडक?" ती परत येऊन समोर बसली. पोराच्या हातात एक पेढा दिला, आणि त्याला बाहेर पाठवलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "भावजी, बरं झालं आलासा. मामांची तब्येत तुमाला ठाव हाय का?"

"काय झालं?"

"त्यांनी सांगितलं न्हाई? लिवर सुजलंय. कराडच्या डॉक्टरनी दोन वर्सं झाली, थेंब बंद केलाय. मामांनी घरातली बाटली तवाच फोडली, मी डोळ्यांनी बघितलं. फौजेच्या कॅन्टीनचा कोटाबी आणत न्हाईत. लगीन असू दे, जत्रा असू दे, हात लावत न्हाईत. आन् तरी गेल्या म्हयन्यात तपासलं तर आदीपेक्षा वाईट. डॉक्टर माझ्यावरच वराडले. म्हणाले, ह्यो मनुष्य पितोय, तुमी लपवताय." तिनं पदरानं हात पुसले, हात कोरडेच होते. "घरात न्हाई पीत. मग तितं कोण पाजतंय त्यास्नी?"

अतिशयच्या तोंडाला कोरड पडली. उपासाची नव्हे.

"तुमी हाय म्हणून जिवाला घोर न्हाई," ती पुढं म्हणाली. "मामा म्हणत्यात, मगदूमच्या शेजारी हुबं राहिलं की मला बी प्यावंसं वाटत न्हाई. तुमी जरा लक्ष ठेवा. कोण देतंय बघा."

"बघतो, वैनी," एवढंच तो म्हणाला. कसाबसा उठला आणि स्टँडवर आला.

सांगलीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली, पण कराड कधी गेलं ते त्याला कळलं नाही. दोन वर्षं. म्हणजे दोन वर्षं हा माणूस डॉक्टरचं ऐकून घर कोरडं ठेवत होता आणि इथं येऊन आपल्यासाठी चमचे चाखत होता. मोगऱ्याच्या पायी तर गेला पंधरवडा रोज. लोक पाहुण्याला विष घालतात ते वैरानं तरी घालतात. आपण प्रेमानं घातलं, वर त्यांनाच कसं लागलं म्हणून विचारलं. त्याला स्वतःची शरम वाटली. मग हंबीररावांचा राग आला. सांगायला काय झालं होतं? तोंड होतं की. मग पुन्हा शरम.

घरी पोहोचला तेव्हा ऊन कलंडलं होतं. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून आईनं ताट वाढूनच ठेवलं होतं. ती त्याच्या हडकलेल्या हातांबद्दल बोलत राहिली, तो हं हं करत राहिला. जेवण झाल्यावर शांतिनाथ हळदीच्या रानात पाणी बघायला निघाले, तसा तोही मागं गेला. पानं कमरेएवढी झाली होती. बांधावर दोघं थांबले.

"आण्णा, एक विचारू?"

"विचार की."

"समजा, एखाद्यानं नेम घेतला. आणि तो नेम टिकावा म्हणून..."

"तुझ्या बदली कोण चाखतंय?" शांतिनाथांनी सरळच विचारलं.

अतिशय वळला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? सैपाक करणाऱ्याला चव बगाय लागती. तू बगत न्हाईस, म्हंजे दुसरं कोण तर बगालंय."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"तू विचारलं न्हाईस." त्यांनी वाकून पाटातला कचरा बाजूला केला. "आपल्यात काय सांगितलंय? स्वतः केलेलं, दुसऱ्याकडनं करवलेलं, आन् दुसऱ्यानं केल्यावर बरं झालं म्हटलेलं. तिन्ही एकाच पोत्यात. पोतं खांद्यावर एकाच्याच."

मग अतिशयनं सगळं सांगितलं. हंबीरराव, चमचा, डॉक्टर, शिवांजलीचा प्रश्न.  

"दुसऱ्या कुणाला चाखायला सांगितलं तर?" अतिशयनं विचारलं, आणि विचारतानाच त्याला कळलं की हे तेच पोतं आहे, फक्त दुसऱ्या कुणाच्या लिवरावर. "सोडून देऊ नोकरी?"

"सोडवती का?"

अतिशयनं खरं सांगितलं. "न्हाई. मला ते काम आवडतंय, आण्णा."

एवढं उघड त्यानं बापासमोर कधी म्हटलं नव्हतं. शांतिनाथांच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"आणि नेम मोडला तर काय होतं?"

शांतिनाथांनी पाणी पुढच्या सरीत वळवलं. बस्तीतल्या त्या दिवसाचा अभिमान पोराइतकाच त्यांचाही होता. त्या अभिमानाच्या जोरावर त्यांनी गावाचे टोमणे गिळले होते.

"महाराजांस्नी जाऊन सांगायचं. ते प्रायश्चित्त देतात. उपास करायचे, जाप करायचा. मोडलेला नेम मोडलेलाच ऱ्हातोय, खरं माणूस परत उभा ऱ्हातोय." मग ते वळून चालायला लागले, आणि पाठमोरेच म्हणाले, "मला विचारून मोडू नकोस. मी व्हय म्हणणार न्हाई."

रविवारी दुपारी बारमध्ये दोघंच होते. बाहेर धुकं काचेला टेकलं होतं, पठारावरून परतणाऱ्या गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. पाहुणे संध्याकाळी यायचे होते. वीरधवलचा दोनदा फोन येऊन गेला होता. हंबीरराव स्टुलावर बसले होते, रंग जरा पिवळट, मिशी तशीच ताठ. परत आल्यापासून अतिशय त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होता, आणि त्यांनी ते ओळखलं होतं.

"गावाकडं बरं हाय न्हवं सगळं?"

"हाय."

अतिशयनं मोठा ग्लास घेतला. आधी नुसता बर्फ घालून तो ग्लासच गार केला, सुटलेलं पाणी ओतून दिलं. नवा बर्फ घातला, मोठे, घट्ट, कोरडे तुकडे. रायचं माप घातलं. तिचा झोंबरा वास वर आला. त्यावर कोरडी वाइन, मग मोगरा. मोगरा पडल्याबरोबर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी अंगणात कुणी ओंजळ रिकामी करावी तसा वास पसरला. कडू अर्काचे दोन थेंब. मग लांब चमचा काचेच्या कडेनं आत सोडला आणि फिरवायला लागला. आवाज नाही. बर्फ सगळा एकदम, गोल, शांत. त्याचं सगळं लक्ष बोटांत होतं. हळूहळू चमचा हलका झाला, काचेबाहेर दव धरलं, बोटांना गारवा झोंबला. झालं, हे त्याला नेहमीसारखं हातानंच कळलं. गाळणी लावून त्यानं ते गार केलेल्या छोट्या ग्लासात ओतलं. फिकट सोनेरी, नितळ. पलीकडं हंबीररावांच्या जाकिटाचं बटण स्वच्छ दिसत होतं. लिंबाची साल पिळून त्यानं तिचा तेलकट फवारा वर सोडला.

हंबीररावांनी सवयीनं हात पुढं केला. "आण चमचा."

अतिशयनं चमचा ग्लासात बुडवला, उचलला, आणि स्वतःच्या तोंडात घातला.

आधी नुसती आग. जीभ भाजल्यासारखी झाली, डोळ्यांत पाणी आलं. घसा म्हणाला बाहेर टाक, त्यानं टाकलं नाही, गिळलं. इतकी वर्षं ज्याचा वास घेऊन लोकांना हसवलं, खुलवलं, ते हे असं लागतं हे त्याला माहीतच नव्हतं.  त्याला बापाचा चेहरा दिसला, आणि रडू आलं.

हंबीरराव स्टुलावरून उठले होते. "काय केलंस ह्ये?"

"चाखलं."

"आरं पण..." त्यांचे डोळे बारीक झाले. "शिवांजली बोलली व्हय?"

"व्हय. दोन वर्षं, आबा? सांगायचं होतं की मला."

"सांगून काय केलं असतंस? ह्येच केलं असतंस." त्यांनी चमचा त्याच्या हातातून हिसकावला आणि सिंकमध्ये फेकला. एवढे चिडलेले ते त्याला कधी दिसले नव्हते. "माझं लिवर हाय. जळू दे न्हायतर ऱ्हाऊ दे. तुला कुणी पुढं व्हायला सांगितलं हुतं?"

"माझ्यापायी तुम्ही मरावं, असला नेम मला नको."

"तुझ्यापायी?" हंबीरराव मटकन स्टुलावर बसले. आवाज एकदम उतरला. "आरं, फौजेत जल्मभर लोकांला पाजली आन् सोता बी प्यालो. रिटायर झालो तवा सकाळी उठल्यावर ह्यो हात कापायचा. बायको ह्याच पायी झुरून गेली. पोरगा बोलायचा बंद झाला. आन् मग तू आलास. एवढ्या बाटल्यांत हुबा ऱ्हायचा आन् थेंब लावायचा न्हाईस. म्हटलं, हितं एक तरी नेम टिकलेला बघू. डॉक्टरनी सांगितलं तवा घरातली बाटली मी तुझ्याकडं बघून फोडली, त्येच्या भ्यानं न्हाई. हितला चमचा चाखायचो, त्यो तुझा नेम ऱ्हावा म्हणून." त्यांनी तळहातानं तोंड पुसलं. "नेम तुझा एकट्याचा हुता व्हय रं? पाच वर्सं मी बी त्यो सांभाळलाय. मोडताना मला का न्हाई इचारलंस?"

 अतिशय सिंकपाशी गेला, चमचा उचलून धुतला आणि पुसला. जिभेवरची आग ओसरत होती, आणि मागं जे उरलं होतं ते त्याला ओळखीचं होतं. आईच्या बासुंदीत साखर जास्त पडली की तेच उरायचं.

"आबा," तो म्हणाला, "गोड जास्त झालंय."

हंबीररावांनी डोळे पुसले.

"मग कमी कर की," ते म्हणाले.